नळी तीच, रहिवासी वेगळा

रायपूरहून सरळ रेषेत गेले तरी समुद्र सुमारे चारशे किलोमीटरवर आहे, आणि तोही बंगालच्या उपसागराचा, उबदार पाण्याचा. दक्षिण ध्रुवाकडच्या गारठलेल्या पाण्याशी या राज्याचे काही नाते असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. पण छत्तीसगढच्या उत्तर टोकाला, मनेंद्रगढजवळ आमाखेरवा इथे हसिया आणि हसदेव यांच्या संगमापाशी जे खडक उघडे पडले आहेत, ते अशाच पाण्याच्या तळाशी साचले. १९५४ साली एस. के. घोष यांनी तिथल्या सागरी जीवाश्मांची नोंद प्रसिद्ध केली. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरवली आणि आता तिथे जीवाश्म उद्यान आहे. खडकांचे वय साधारण २८ ते २९ कोटी वर्षे. त्यांत शिंपले आहेत, समुद्रलिलीच्या देठांचे तुकडे आहेत, ब्रायोझोआंच्या जाळीदार वसाहती आहेत, नुसत्या डोळ्यांना न दिसणारे फोरॅमिनिफेरा आहेत. (रायपूर, बलौदाबाजार, भाटापारा या पट्ट्यातले सिमेंटचे कारखाने ज्या चुनखडीवर चालतात, तिची इथे गल्लत करू नये. ती सुमारे शंभर कोटी वर्षे जुन्या, निराळ्याच समुद्राची आहे. तेव्हा शिंपले नव्हते की नळीत राहणारे कृमी नव्हते. सूक्ष्मजीवांनी थरावर थर चढवून रचलेले स्ट्रोमॅटोलाइट तेवढे होते.)

मनेंद्रगढचा समुद्र गार होता, हे कशावरून म्हणायचे? थोडे खडकांवरून आणि बरेचसे त्यात सापडलेल्या जिवांच्या नावांवरून. अमुक शिंपला म्हणजे अमुक प्रजाती, ती प्रजाती गार पाण्यातली, म्हणून पाणी गार. या साखळीची पहिली कडी म्हणजे ओळख. ती सैल असेल तर पुढचे सगळे लोंबकळते. ही कडी किती सैल असू शकते हे पाहायचे, तर शिंपल्यांपेक्षा एका अवघड गटाकडे वळावे लागते: समुद्रतळाशी नळी बांधून राहणारे, डोक्यावर पिसाऱ्याचा मुकुट मिरवणारे पंखकृमी, आणि त्यातही दक्षिणेच्या थंड पाण्यातले, तांदळाच्या दाण्याहून लहान असलेले. माझे म्हणणे असे की या जिवांचे बाहेरचे रूप बरेचसे त्यांच्या राहणीने घडवलेले असते. त्यात वंशाची खूण कमी आणि धंद्याची जास्त. म्हणून रूपावरून दिलेले नाव, आणि त्या नावावरून उभा केलेला समुद्र, दोन्ही आतल्या रचनेचा दाखला मिळेपर्यंत कच्चे धरावेत.

पंखकृमी हे गांडुळाच्याच संघातले, म्हणजे वलयांकित देहाचे प्राणी. त्यांची तीन कुळे इथे महत्त्वाची. सॅबेलिड चिखल किंवा वाळू चिकट स्रावात कालवून मऊ नळी करतात. सर्प्युलिड चुन्याची कडक नळी करतात, आणि पिसाऱ्यातल्या एका पिसाचे बूच बनवून धोका दिसताच आत शिरून दार लावून घेतात. त्यांच्यातलेच स्पायरॉर्बिड दोन-तीन मिलिमीटरचे चुन्याचे वेटोळे करून समुद्रशेवाळाच्या पानाला किंवा शिंपल्याला चिकटून बसतात. तिसरे कूळ फॅब्रिसिडांचे. हे बहुतेक पाच मिलिमीटरच्या आतले. त्यांच्या मुकुटात पिसांच्या फक्त तीन जोड्या, आणि बहुतेकांना डोळे डोक्याकडेही असतात आणि शेपटीकडेही, कारण नळी सोडून निघाले की ते शेपटी पुढे करून सरकतात. पिसारा सगळ्यांचा एकाच कामाचा: त्यावरची सूक्ष्म लव पाण्याला ओढ लावते, कण पिसाच्या पन्हळीत पडतात आणि तोंडाकडे सरकतात. एडिथ निकोल यांनी १९३० साली युरोपातल्या सॅबेला या मोठ्या पंखकृमीत हे काम बारकाईने पाहिले. पन्हळ तळाशी अरुंद होत जाते आणि कण आपोआप तीन आकारांत वेगळे होतात. सर्वांत बारीक ते पोटात, मधले नळीच्या बांधकामासाठी बाजूला, मोठे बाहेर. खाणे आणि घर बांधणे एकाच यंत्रावर चालते.

आता असा तीन मिलिमीटरचा एखादा कृमी ओळखायचा झाला तर काय करावे लागते? आधी त्याला नळीतून न तुटता बाहेर काढायचे. मग धडाची वलये मोजायची. फॅब्रिसिडांत छातीची आठ आणि पोटाची तीन, स्पायरॉर्बिडांत छातीची जेमतेम तीन-चार आणि तीही वेटोळ्यामुळे दोन्ही बाजूंना सारखी नसलेली. प्रत्येक वलयाच्या बाजूंना दृढरोम असतात. काही केसांसारखे लांब, काही नळीच्या भिंतीत रोवायचे आखूड आकडे. पंखकृमींची एक गंमत इथे दिसते. छातीत लांब रोम पाठीकडच्या बाजूला आणि आकडे पोटाकडच्या बाजूला असतात. छाती संपून पोट सुरू झाले की दोघांची जागा नेमकी उलटते. ही अदलाबदल कुठल्या वलयावर होते ते नोंदायचे. मग एका वलयाची कड कापून काचपट्टीवर ग्लिसरिनच्या थेंबात ठेवायची आणि मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली एकेक आकडा पाहायचा. सॅबेलिडांत हा आकडा बहुधा पक्ष्याच्या डोक्यासारखा दिसतो, म्हणजे खाली वळलेली चोच आणि माथ्यावर दातांच्या बारीक रांगा. फॅब्रिसिडांच्या पोटावरचे आकडे कानशीसारखे, ओळीने दात असलेले. माथ्यावर दातांच्या किती रांगा, मागचा दांडा लांब की आखूड, आकड्याशेजारी सोबतीचा रोम आहे की नाही, छातीतले काही रोम टोकाला चपटे झालेत का, मुकुटाखालची गळपट्टी मागे जोडलेली की फाटलेली, हे सगळे लिहून घ्यायचे. शेवटी मिथाइल ग्रीन नावाचा हिरवा रंग लावला की त्वचेतल्या ग्रंथी रंग धरतात आणि प्रजातीगणिक वेगळी नक्षी उमटते. एवढे केल्यावर नाव हाती येते, आणि तेही जुन्या वर्णनकर्त्याने या गोष्टी लिहून ठेवल्या असतील तरच.

अडचण तिथेच आहे. दक्षिणेच्या थंड पाण्यातले पहिले नमुने ज्यांनी वर्णन केले, त्यांच्या हाती ही साधने नव्हती आणि डोळ्यांसमोर युरोपचा किनारा होता. यूजेनी या स्वीडिश जहाजाच्या १८५१ ते १८५३ च्या जगप्रदक्षिणेत जमलेल्या कृमींतून किनबर्ग यांनी मॅगेलनच्या सामुद्रधुनीकडच्या एका पंखकृमीला अंटार्क्टिका हे प्रजातीनाम दिले आणि त्याला लाओनोमी या प्रजातिगटात घातले. पुढे तो उत्तरेकडच्या पोटॅमिला या गटात गेला, आणि १९८३ साली फिलिस नाइट-जोन्स यांनी पर्किन्सियाना हा वेगळा गट केल्यावर तिकडे. पुन्हा १९९७ साली इटलीच्या जांग्रांदे आणि गांबी यांनी रॉस समुद्रातल्या टेरा नोव्हा उपसागराकडचे नमुने तपासले, तेव्हा याच गटात आणखी दोन नव्या प्रजाती निघाल्या. चॅलेंजर जहाजाची १८७२ ते १८७६ ची मोहीम दक्षिणेत केर्गेलेन बेटालाही गेली, आणि तिच्या कृमींचा मॅकिन्टॉश यांनी लिहिलेला जाडजूड अहवाल १८८५ साली निघाला. त्या पिढीची मेहनत अफाट होती, तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही. पण त्या काळची समजूत अशी की समुद्राला कुंपण नसते, म्हणून एकच प्रजाती इंग्लंडपासून अंटार्क्टिकापर्यंत सापडायला हरकत नाही. मग जे युरोपातल्यासारखे दिसले त्याला युरोपातले नाव मिळत गेले.

ही सवय आपल्याही दारात आली. भारतीय किनाऱ्यावरच्या या प्राण्यांचा आजही ज्याचा आधार घेतात तो ग्रंथ, फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर फॉव्हेल यांचा, १९५३ साली अलाहाबादेत छापला गेला. फॉव्हेल यांनी त्याआधी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या याच प्राण्यांवर मोठे ग्रंथ लिहिले होते, आणि भारतीय यादीत युरोपात प्रथम वर्णन झालेली कितीतरी नावे दिसतात. ऑस्ट्रेलियातल्या पॅट हचिंग्ज आणि एलेना कुप्रियानोव्हा यांनी २०१८ साली अशा ‘जगभर आढळणाऱ्या’ कृमींचा हिशेब मांडला. त्यांचे म्हणणे असे की नीट तपासले तर त्यातली बहुतेक नावे अनेक वेगवेगळ्या प्रजातींवर एकत्र टाकलेले पांघरूण ठरतात. खरोखर जगभर पसरलेले थोडेच, आणि तेही बहुधा जहाजांच्या बुडाला चिकटून माणसांबरोबर गेलेले. मला हे पटते, कारण आकड्यांच्या दातांपर्यंत जे जे गट तपासले गेले, तिथे तिथे फाटाफूट निघाली आहे.

इथपर्यंतची चूक एका प्रजातीला दुसरी समजण्याची होती. शेजाऱ्याला चुलतभाऊ समजावे तशी. पण पंखकृमींच्या रूपाने याहून मोठा चकवा दिला आहे, आणि तो कोळशाच्या खाणींतून आला म्हणून छत्तीसगढच्या वाचकाला विशेष जवळचा वाटावा. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या कोळशाच्या थरांत, प्राचीन पानांवर आणि शिंपल्यांवर एक-दोन मिलिमीटरची चुन्याची वेटोळी चिकटलेली सापडतात. एकोणिसाव्या शतकात त्यांना सरळ स्पायरॉर्बिस म्हणजे आजच्या समुद्री वेटोळ्या कृमीचे नाव मिळाले. एकाने तर पानावरचे ते ठिपके बुरशी समजून बुरशीचे नाव दिले होते, त्यामानाने कृमी बरा. नाव समुद्री प्राण्याचे, तेव्हा ज्या थरात ते सापडले तिथे समुद्राचे पाणी आले असणार, असा तर्क ओघाने आला. दलदलीतल्या जंगलाच्या मधोमध समुद्र कुठून शिरला याची कोडी घालत लोक बसले.

१९९० च्या सुमारास ब्रिटनचे मायकेल वीडन यांनी या नळ्यांच्या भिंती कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. पंखकृमी आपली नळी गळपट्टीखालच्या ग्रंथींतून पाझरलेल्या चुन्याच्या लगद्याने लिंपतो, कडेकडेने, आणि त्या भिंतीत स्फटिक बहुधा बेशिस्त पडलेले असतात. कोळशातल्या वेटोळ्यांची भिंत तशी नव्हतीच. ती पातळ पापुद्र्यांची, एकावर एक नीट रचलेली, आणि अनेकदा बारीक छिद्रांनी टोचलेली. शिवाय त्यांचे सुरुवातीचे टोक बंद, छोट्या फुगीर कुपीसारखे. चिकटणाऱ्या कृमीच्या नळीची सुरुवात अशी नसते. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे पॉल टेलर आणि एस्टोनियाचे ओलेव्ह व्हिन यांनी २००६ साली हा धागा पुढे नेऊन ठामपणे मांडले की ही वेटोळी कृमींची नव्हेत. ती मायक्रोकाँकिड नावाच्या नामशेष गटाची, ज्याचे नाते पंखकृमींपेक्षा ब्रॅकिओपॉड आणि फोरोनिड यांच्या गोतावळ्याशी जुळते. ते ऑर्डोव्हिशियन काळाच्या शेवटी उगवले आणि ज्युरासिकच्या मध्यावर संपले. खरे स्पायरॉर्बिड त्यानंतर, क्रिटेशस काळात दिसू लागतात. दोघांची गाठ कधी पडलीच नाही. पण पानावर चिकटून बसायचे, जागा कमी, पाण्यातून कण गाळायचे, तर वेटोळी नळी सोयीची, म्हणून दोन परक्या वंशांनी कोट्यवधी वर्षांच्या अंतराने तेच घर बांधले. आणि मायक्रोकाँकिड गोड्या पाण्यातही राहत, मचूळ पाण्यातही राहत, समुद्रातही. म्हणजे त्यांच्यावरून काढलेला समुद्र अनेक ठिकाणी नव्हताच.

यावर मनेंद्रगढचा अभिमानी माणूस विचारील की मग आमच्या समुद्राचे काय? तोही असाच नावावरचा का? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला थातुरमातुर उत्तर चालणार नाही. मनेंद्रगढचा सर्वांत बोलका जीवाश्म म्हणजे युरिडेस्मा, जाड आणि जड कवचाचा, गोलसर शिंपला. तो ऑस्ट्रेलियात, टास्मानियात, नामिबियात, अर्जेंटिनात, पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत त्याच सुमाराच्या थरांत सापडतो. हे सगळे भूभाग तेव्हा गोंडवन महाखंडात एकत्र होते, आणि युरिडेस्मा हा थंड दक्षिणी समुद्रांचा ओळखीचा शिंपला मानला जातो. पण तो थंड पाण्यातला हे तरी कशावरून? तो थंड काळच्या थरांत सापडतो म्हणून. आणि थर थंड काळचे कशावरून? त्यात युरिडेस्मा आहे म्हणून. युक्तिवाद एवढाच असता तर तो स्वतःचीच शेपटी धरून फिरला असता, आणि मी वर मायक्रोकाँकिडांबद्दल केलेली तक्रार इथेही करावी लागली असती.

तसे होत नाही, कारण थंडीचा पुरावा शिंपल्याबाहेरही आहे आणि तो शिंपला सापडण्याआधीचा आहे. मनेंद्रगढचे सागरी थर ज्या तालचेर खडकसमूहात आहेत, त्याच्या तळाशी लहानमोठ्या गोट्यांचा, बारीक चिखलात रुतलेला थर असतो. ओडिशातल्या तालचेरला १८५६ साली ब्लॅनफर्ड बंधू आणि थिओबाल्ड यांनी त्याचे मूळ बर्फात असल्याचे सुचवले, तेव्हा उष्ण कटिबंधात बर्फ ही कल्पना अनेकांना वेडगळ वाटली. मग १८७५ साली फ्रान्सिस फेडन यांनी चंद्रपूर जिल्ह्यातल्या इरई इथे या थराखालच्या चुनखडीवर ओरखडे पाहून त्याची नोंद केली. गुळगुळीत झालेला खडक आणि त्यावर एका दिशेने ओढलेल्या समांतर रेघा. सरकत्या हिमनदीच्या पोटात अडकलेले दगड तळाचा खडक घासत जातात तेव्हा अशा रेघा पडतात. या साक्षीला कुठल्याही प्राण्याचे नाव लागत नाही. युरिडेस्माही जिथे जिथे सापडतो तिथे अनेकदा आसपास बर्फातून सुटून चिखलात पडलेले दगड असतात. म्हणजे मनेंद्रगढच्या गारठ्यासाठी शिंपला एकटा साक्षीदार नाही, आणि म्हणून त्याची साक्ष धरता येते. कोळशातल्या वेटोळ्यांचे उलटे होते: नावाशिवाय समुद्राचा दुसरा पुरावा नसताना समुद्र मांडला गेला. शिंपल्यांवर विश्वास आणि नळ्यांवर अविश्वास असा भेद मी करत नाही. ओळखीला बाहेरून आधार आहे की नाही, एवढेच पाहतो.

या सगळ्यात एक मोह आहे तो उघड केलेला बरा. गोंडवन एकत्र होते तेव्हाच्या नकाशात महानदीचे खोरे आणि अंटार्क्टिकातली लँबर्ट हिमनदीची खचदरी ही एकाच भेगेची दोन टोके होती, असे बरेच भूवैज्ञानिक मानतात. हसदेव ही महानदीचीच उपनदी. लँबर्टचे बर्फ आज ज्या प्रिड्झ उपसागरात उतरते, त्याच्याच काठच्या लार्समन टेकड्यांवर २०१२ पासून भारताचे भारती हे संशोधन केंद्र उभे आहे. त्याची व्यवस्था गोव्यात वास्कोला असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीमही १९८१ च्या डिसेंबरात गोव्याहूनच निघाली होती, आणि तिचे नेते एस. झेड. कासिम हे सागरी जीवशास्त्रज्ञ होते. तेव्हा कल्पना अशी सुचते: एके काळचे शेजारी, एक अजून गार समुद्रात, दुसरा छत्तीसगढच्या उन्हात, प्रिड्झ उपसागरातली नळी आणि हसदेवच्या काठची नळी शेजारी ठेवा, आणि वंशावळ सांगा. गोष्ट सुरेख होईल. पण २९ कोटी वर्षांपूर्वी स्पायरॉर्बिड अजून जन्माला यायचे होते. आज प्रिड्झ उपसागरात जे वेटोळे करून बसले आहेत, त्यांचे पूर्वज तिथे पुष्कळ नंतर पोचले. पाणी गार असणे एवढेच त्या दोन समुद्रांत समान, आणि गार पाणी काही वंश चालवत नाही.

दुसरा आक्षेप अधिक आधुनिक आहे. आता डीएनए आहे, मग आकड्यांचे दात मोजत बसायचे कशाला? डीएनएने पंखकृमींच्या घरात जी उलथापालथ केली ती मान्य करायलाच हवी. २००८ साली कुप्रियानोव्हा आणि ग्रेग राउझ यांनी दाखवले की चिमुकले फॅब्रिसिड, जे तोवर सॅबेलिडांची उपशाखा समजले जात, ते प्रत्यक्षात चुन्याच्या नळीवाल्या सर्प्युलिडांना अधिक जवळचे आहेत. त्यामुळे त्यांचे वेगळे कूळ करावे लागले. मऊ नळी पाहून मऊ नळीवाल्यांत घातले होते, रेणूंनी चूक दाखवली. माझ्या मूळ म्हणण्याला याहून चांगला दुजोरा नाही. पण डीएनए काय सांगते? हे दोन नमुने एक आहेत की वेगळे, आणि किती वेगळे. त्यांचे नाव काय, हे सांगत नाही. नाव बांधलेले असते ते संग्रहालयातल्या मूळ नमुन्याला, आणि एकोणिसाव्या शतकातले ते नमुने मद्यार्कात, पुढचे कित्येक फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेले. त्यातून वाचता येईल असा डीएनए क्वचितच निघतो. मग नव्या कृमीचा रेणूक्रम आणि जुने नाव यांची गाठ मारायला पुन्हा तोच आकडा, तीच गळपट्टी. शिवाय प्राण्यांच्या ओळखीसाठी जो ठरावीक जनुकतुकडा सर्वत्र वापरतात, तो सर्प्युलिडांत नेहमीच्या पद्धतीने मिळवणे फार त्रासाचे असते. आणि जीवाश्मात तर डीएनए नाहीच. मनेंद्रगढच्या खडकापुढे अत्याधुनिक प्रयोगशाळाही भिंतीची घडण पाहण्यावरच येते.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जुना: तीन मिलिमीटरच्या किड्याचे नाव कळले काय आणि न कळले काय! याला कॅलिफोर्नियाने पैसे मोजून उत्तर दिले आहे. दक्षिण आफ्रिकेच्या थंड किनाऱ्यावर ॲबलोन नावाची मोठी, खाण्याची समुद्रगोगलगाय असते. १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या ॲबलोन शेतीसाठी तिथून जिवंत ॲबलोन आणले गेले, आणि त्यांच्या कवचात बसून एक सूक्ष्म पंखकृमी आला. पिल्लू आईच्या नळीतून निघून कवचाच्या वाढत्या कडेवर जाऊन बसते, आणि ॲबलोन स्वतःच त्याच्यावर मोत्याचा थर चढवून त्याला घर बांधून देते. कृमी यजमानाचे मांस खात नाही, पिसारा बाहेर काढून पाणीच गाळतो. पण कडेवर अशी शेकडो बिऱ्हाडे झाली की कवच पुढे वाढायचे थांबते, घुमटासारखे फुगते, ठिसूळ होते, आणि माल विकण्याजोगा राहत नाही. त्याच्या मायदेशातही त्याला नाव नव्हते. कर्क फिट्झह्यू आणि राउझ यांनी १९९९ साली त्याचे वर्णन करून टेरेब्रासॅबेला हेटेरोअन्सिनाटा हे नाव दिले, नवी प्रजाती आणि नवा गटही.

या अभ्यासात जी गोष्ट कामाला आली ती पिल्लांची. ती पोहत नाहीत, सरपटतात. बहुतेक समुद्री कृमींची पिल्ले प्रवाहाबरोबर मैलोन्‌मैल वाहत जातात, तसे असते तर किनारा हातचा गेलाच होता. केयुकोस गावाजवळ शेतीचे सांडपाणी समुद्राला मिळते त्या जागी हा कृमी १९९६ साली बाहेरच्या शंखांवर आढळला. कॅरी कल्व्हर आणि आर्मंड क्युरिस यांच्या योजनेने, स्वयंसेवकांच्या मदतीने, तिथल्या खडकांवरून त्याचे आवडते यजमान असलेले सुमारे १६ लाख काळे शंख वेचून काढले गेले, आणि शेतातून येणाऱ्या कचऱ्याला चाळणी बसवली. यजमान विरळ झाले, सरपटणाऱ्या पिल्लांना दुसरा शंख गाठेना, आणि त्या किनाऱ्यावरून कृमी गेला. समुद्रात शिरलेला उपरा प्राणी पुरता उखडून काढल्याची उदाहरणे जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यातले हे एक. हा कोणी दुसराच, पोहणाऱ्या पिल्लांचा सॅबेलिड असे समजून बसले असते, तर कोणी शंख वेचायला गेलेच नसते.

गोड्या पाण्यातलेही एक उदाहरण आहे. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या क्लामथसारख्या नद्यांत सामन माशांना मारणारा एक सूक्ष्म परजीवी आपले अर्धे आयुष्य एका फॅब्रिसिड कृमीत काढतो, हे १९९७ साली कळले. त्या कृमीला मॅनयुंकिया स्पेशिओसा म्हणत, म्हणजे १८५९ साली जोसेफ लीडी यांनी पूर्वेला फिलाडेल्फियाजवळ वर्णन केलेली प्रजाती. २०२० साली रचना आणि डीएनए दोन्ही तपासून तो वेगळा निघाला आणि मॅनयुंकिया ऑक्सिडेंटॅलिस झाला. पूर्वेकडच्या कृमीच्या सवयींवरून पश्चिमेच्या नदीचे अंदाज बांधण्याला त्यामुळे आधार उरला नाही. आणि पंखकृमी म्हणजे समुद्र, हे समीकरणही इथे मोडते. दक्षिण आणि आग्नेय आशियात कॅओबँजिया नावाचे पंखकृमी नदीतल्या शंखांच्या कवचात बिळे करून राहतात. पहिला १८९३ साली व्हिएतनाममधून वर्णन झाला, आणि एका प्रजातीचे नावच इंडिका आहे.

तर समजा, उद्या हसदेवच्या काठी एखाद्या युरिडेस्माच्या कवचावर एक मिलिमीटरचे चुन्याचे वेटोळे चिकटलेले मिळाले. त्याला स्पायरॉर्बिस म्हणून नोंदवहीत चढवायची घाई करू नये. त्याचा कागदाहून पातळ छेद घ्यावा, भिंत पापुद्र्यांची आहे की लिंपलेली ते पाहावे, छिद्रे आहेत का ते पाहावे, आणि सुरुवातीचे टोक शाबूत असेल तर ते बंद आहे का हे तपासावे. बहुधा मायक्रोकाँकिड निघेल. उरलेला नमुना फेकू नये, क्रमांक घालून संग्रहात ठेवावा, कारण वीस वर्षांनी कोणाला तरी तो पुन्हा कापायचा असेल. वेटोळे काय आहे ते या छेदावरून कळेल. पाणी खारे होते हे मात्र त्याला चिकटू देणाऱ्या शिंपल्याला आणि शेजारच्या समुद्रलिलीच्या देठांना विचारावे लागेल, आणि गार होते का, हे बर्फातून सुटून तळाशी पडलेल्या दगडांना.